हिरावैनीचा हात

"कुणाचा तरी हात बाधलाय," अक्का म्हणाल्या आणि खिडकीतली बाटली उचलून त्यांनी उजेडात धरली.

आठ दिवसांपूर्वी त्या बाटलीतला आवळ्याचा अर्क फिकट पिवळा, आरपार दिसणारा होता. आता तो चहाच्या चोथ्याचं पाणी ओतल्यागत तपकिरी झाला होता. आम्ही अकरा बायका ग्रामपंचायतीनं दिलेल्या त्या पत्र्याच्या खोलीत उभ्या होतो.

आधी तोंड उघडलं ते मथुरानं. तिला शब्द कधीच कमी पडत नसत.

"पिळायला कोण व्हतं त्या दिवशी?" तिनं विचारलं. पिळायला कोण होतं ते तिला चांगलं ठाऊक होतं.

"मी व्हते," हिरावैनी म्हणाली.

"हिरे, खरं सांग. कितव्या दिसाची व्हतीस तू?"

हिरावैनीचा चेहरा पडला. खोटं बोलून मोकळी झाली असती, तर ही गोष्ट इथंच संपली असती. पण तिला खोटं बोलता येत नव्हतं. "पाचव्या," ती म्हणाली. "पर न्हाऊन आले व्हते, मथुराबाई. डोक्यावरनं."

"बघा!" मथुरानं दोन्ही हात उडवले. "लोणच्याला जिचा हात बाधतो, तिचा याला बाधल्याबिगर ऱ्हाईल व्हय?"

मी औषधनिर्माणाची पदविका घेतलेली, मिरजेच्या कॉलेजात पहिल्या वर्गात पास झालेली सून. मी म्हणाले, "असं काही नसतं हो." पण कसं म्हणाले? भाजीवालीला कोथिंबीर फुकट मागावी तशा आवाजात! अक्का माझ्या सासूबाई. त्यांच्यासमोर माझा आवाज एवढाच निघायचा.

"लोणच्यातलं तुला काय ठावं?" अक्का म्हणाल्या, आणि विषय संपला.

हिरावैनीनं पदर खोचलेला सोडला, चपला घातल्या आणि ती कुणाकडे न बघता निघून गेली.

हे सगळं वीस वर्षांपूर्वीचं, सांगोल्याच्या बाजूला आमची खवणवाडी आहे तिथलं. आमचा बचत गट होता. गटाची खरी मालकीण कोण म्हणाल तर सोनाक्का बाबर, म्हणजे आमच्या अक्का. लोखंडी कढईत आवळा रात्रभर भिजवून, काळा करून, त्याचं केसांचं तेल त्या चाळीस वर्षं काढत होत्या. दहा गावच्या बायका ते तेल न्यायच्या. त्या तेलाच्या नावावर पुण्याच्या इनामदार मॅडम आमच्याकडे आल्या. मॅडमचं दुकान होतं, देशी मालाचं. त्यांना तेल नको होतं. त्यांना चेहऱ्याला लावायचं आवळ्याचं सीरम हवं होतं.

"रंग टिकला पाहिजे," त्या म्हणाल्या होत्या. "पांढऱ्या काचेच्या बाटलीत भरून सावलीच्या खिडकीत एकवीस दिवस ठेवा. संक्रांतीनंतरच्या रविवारी मी येते. रंग टिकला असेल तर दर महिन्याला माल घेईन. काळवंडला तर नाही. काळवंडलं म्हणजे त्यातला गुण गेला."

दर महिन्याला काम, तेही सावलीत बसून! आमच्या बायका डाळिंबाच्या बागेत उन्हात राबणाऱ्या. तिशीतच गालावर वांग, डोळ्यांच्या कडेला सुरकुत्यांची जाळी. सावलीतलं काम म्हणजे त्यांना सणच.

मॅडम गेल्यावर बायकांनी मला घेरलं. हे लावून होतं तरी काय?

"वांगं चिरून ठेवलं की काळं पडतं ना?" मी विचारलं. "लिंबू पिळलं की पडत नाही. उन्हानं आपल्या कातडीचं तसंच होतं. ऊन लागलं की कातडीच्या आत काही उनाड कण सुटतात. दिसेल त्याला ओरबाडतात, आणि कातडी सैल पडते, डाग धरते. आवळ्यात जे अँटीऑक्सिडंट असतं ते पुढं होऊन त्या उनाडांचा मार आपल्या अंगावर घेतं. ते स्वतः खर्च होतं, कातडी वाचते."

"म्हंजी माझ्या ह्या सुरकुत्या जात्याल?" एकीनं विचारलं.

"पडलेल्या जायच्या नाहीत. नव्या पडायला उशीर होईल. आणि हे लावलं म्हणून उन्हात उघड्या तोंडानं हिंडायचं नाही, पदर घ्यायचाच."

"मग घर जळाल्यावर इहीर खणायची म्हण की!" मथुरा म्हणाली, आणि सगळ्या हसल्या. हिरावैनी मात्र हसली नव्हती. तिनं हळूच विचारलं होतं, "माझी पोरगी तेरा वरसाची हाय. तिनं आतापासनं लावलं तर?" मी म्हणाले होते, "तिनं आधी डोक्याला रुमाल बांधायला शिकावं, आणि मोठी झाली की हे लावावं." ते तिनं मनावर घेतलं होतं. गटात सगळ्यात मन लावून काम करणारी कोण, तर तीच.

आणि तिलाच आम्ही घालवली.

दुसरा घाणा मी स्वतः उभी राहून केला. आवळे त्याच दिवशी तोडलेले. पाणी उकळून गार केलेलं. पातेलं स्टीलचं, सुरी स्टीलची, बाटल्या उकळून वाळवलेल्या. पिळायला मथुरा बसली, एकदम सोवळी, जणू देवाचा नैवेद्यच करतेय! आणि पाचव्या दिवशी बाटली पुन्हा तपकिरी.

आता तरी हिरावैनी सुटली, असं मला वाटलं. कसलं काय!

"पिळायचं फडकं हिरानं धुतल्यालं व्हतं," मथुरा म्हणाली.

माझं डोकंच फिरलं. "मग उद्या म्हणाल, ती या रस्त्यानं गेली म्हणून नासलं!"

"म्हणायला कशाला पाहिजे? गेलीच व्हती परवा," मथुरा म्हणाली.

रविवारला बरोबर बावीस दिवस उरले होते. म्हणजे घाणा दुसऱ्या दिवशी करायलाच हवा होता, आणि तोही बिघडला तर पुन्हा करायला वेळ नव्हता. मी ते फडकं घेऊन खोलीच्या पायरीवर बसले. उठायचंच नाही, कारण सापडेपर्यंत उठायचं नाही, असं ठरवून बसले. पाणी तपासलं होतं, भांडी तपासली होती. फडकं उलटसुलट करून पाहिलं. एका कोपऱ्यात डाग होता, बोटभर लांब. तो तपकिरी नव्हता. निळसर काळा होता, शाईसारखा.

शाई! पूर्वी शाई करायचे ती कशी? हिरड्या-आवळ्यासारखं तुरट फळ आणि लोखंड. एकत्र आलं की काळं. आणि लोखंड मिसळलं की आवळ्यातला गुण भराभरा मरतो, हे तर आम्हाला पहिल्याच वर्षी शिकवलं होतं.

पण आमच्या खोलीत लोखंड आलं कुठून?

दुसऱ्या दिवशी सकाळी आवळे किसून झाले, रस पातेल्यात पडला. तो तासभर निवळू द्यायचा आणि मग फडक्यातून पिळून गाळायचा, असा माझा नेम. त्या तासात मी घरी जाऊन आंघोळ, देवपूजा उरकायची. बाकीच्या बायका गाळायच्या वेळेलाच यायच्या. त्या दिवशी मी घरी गेलेच नाही. खोलीला वळसा घालून मागच्या खिडकीशी उभी राहिले.

अक्का आल्या. पदराखालून त्यांनी तेलाच्या कढईतली लोखंडी पळी काढली. पातेल्यावरचं झाकण सरकवलं. पळी पिळायच्या फडक्याच्या कोपऱ्यानं नीट पुसली आणि हळूच, बाळाला पाण्यात सोडावं तशी, रसात सोडली. वर हातही जोडले.

"अक्का!"

त्या दचकल्या, पण पळी काढली नाही. मी आत जाऊन ती स्वतः काढली.

"हे काय करताय तुम्ही?"

"लोखंड दाखवतेय, घडीभर बुडवून काढायचं," त्या म्हणाल्या. त्यांच्या आवाजात चोरी नव्हती. "आवळ्याला लोखंड लागल्याबिगर दम येत न्हाई. चाळीस वरसं करते मी. तू आपली स्टीलच्या पातेल्यात घोळतीस. निस्तं आंबट पाणी! मॅडम म्हणायची, ह्यात काय बी न्हाई. तुझं नाव जाईल म्हणून मी आपली गुपचूप... दोन्ही येळेला दाखवलं. आज बी दाखवणार व्हते."

मला काय वाटलं ते सांगते. आधी पळी भिंतीवर फेकावी वाटली. मग त्या जोडलेल्या हातांकडे बघितलं. बाईनं माझ्यासाठी केलं होतं हो! ते पातेलं मी केसांच्या तेलासाठी बाजूला ठेवलं, चार नवे आवळे किसले आणि दोन काचेच्या ग्लासांत रस घातला. एका ग्लासात खिळा टाकला.

"बसा," मी म्हणाले. "बघत बसा."

आम्ही दोघी बसलो. खिळ्याभोवती आधी राखाडी धूर सुटल्यासारखा दिसला, मग निळं, मग काळं. अर्ध्या तासात एक ग्लास गढूळ काळा झाला, दुसरा पिवळाच राहिला. पळी घडीभरच बुडायची, म्हणून बाटलीतला रंग जायला दिवस लागत होते.

"तेलाला काळं चालतं, अक्का. तेलात तुम्हाला काळाच रंग पाहिजे. इथं आवळ्याचा गुण चेहऱ्यापर्यंत पोचवायचाय. लोखंड घातलं की तो पातेल्यातच खर्च होतो. तोंडाला लावायला मागं उरतं ते नुसतं पाणी."

अक्कांनी दोन्ही ग्लास उचलून उजेडात धरले. "म्हंजी दोन्ही डाव मीच नासवलं?"

"हो."

"हिराचा काय बी..."

"काही संबंध नाही."

मग त्यांनी माझा हात धरला. सहा वर्षांत पहिल्यांदा. "रोहिणी, कुणाला बोलू नगंस. ह्या वयात माझं तोंड काळं करू नगंस. गाव माझ्या हातावर इस्वास ठेवून हाय."

मी मान हलवली. त्या मान हलवण्याची मला आजही लाज वाटते.

तिसरा घाणा झाला. बाटली खिडकीत गेली. पाचवा दिवस, आठवा दिवस, बारावा दिवस, रंग जसाच्या तसा. बायका खूष. मथुरा म्हणाली, "बघा, हिरा गेली आन कसं सरळ झालं!" अक्का तिथंच होत्या. त्या आवळे निवडत राहिल्या. मीही बाटल्या पुसत राहिले.

त्याच दुपारी मी बागेत गेले. हिरावैनी डाळिंबं तोडत होती. ऊन मी म्हणत होतं, पदराचं टोक दातात धरून ती काम करत होती.

"वैनी, परत या कामाला," मी म्हणाले. "पिळायला तुमच्यासारखं कुणाला जमत नाही."

तिनं कात्री थांबवली नाही. "आन काय बिघडलं की परत माझंच नाव?"

"नाही घेणार कुणी."

"रोहिणीताई, तुमाला ठावं न्हाई काय चाललंय ते." आता ती थांबली. "थोरल्या जावंनं लोणच्याची बरणी कुलपात घातलीया. धाकट्या दिराचं लगीन हाय, पापडाला सगळ्या गल्लीला बोलावणं, मला न्हाई. माझ्या घरात! काल पोरीला शाळेतल्या पोरी म्हणाल्या, तुझ्या आईचा हात नासका हाय. पोरगी मला इचारती, आई, माझा बी हात तसाच व्हणार का?"

मी तोडलेली डाळिंबं तिच्या पाटीत भरू लागले.

"मला काम नको," ती म्हणाली. "काम बागेत हाय. गेलं ते नाव. ज्यांच्या समोर घेतलं त्यांच्या समोर परत द्या, मग येते."

बागेतून घरी येईपर्यंत माझं ठरलं होतं. अक्का चुलीपुढं भाकरी थापत होत्या. मी उभ्या उभ्याच बोलले, बसले असते तर धीर गेला असता.

"रविवारी मॅडमसमोर, सगळ्यांसमोर, लोखंडाचं मी सांगणार. त्याआधी तुम्ही सांगितलंत तर चांगलंच."

भाकरी थापणारा हात थांबला. "मान हलवलीवतीस तू."

"चूक केली."

"ह्या घरात नांदायचंय न्हवं तुला?"

"नांदायचंय," मी म्हणाले. "पण अशी मान खाली घालून नाही."

त्यानंतर नऊ दिवस अक्का माझ्याशी बोलल्या नाहीत. मी वाढलेलं जेवण जेवायच्या, ताट धुऊन ठेवायच्या, बस्स. संक्रांतीला तिळगूळ दिला तो हातावर ठेवला, पण "गोड बोल" म्हणाल्या नाहीत. नवऱ्याला सांगितलं, तर ते म्हणाले, "दोघींच्या मधे मला घालू नका, मी ट्रॅक्टर बघतो." बघा, पुरुषांना कसं वेळेला ट्रॅक्टर आठवतो! शनिवारी माझा धीर सुटत आला होता. सांगितलं नाही तरी काय बिघडणार होतं? माल जाणार, बायकांना काम मिळणार, घरात शांती. मग ती तेरा वर्षांची पोरगी आपल्या हाताकडे बघताना डोळ्यांपुढं यायची. रात्री निजताना मी स्वतःला एकच बजावलं, उद्या आवाज भाजीवालीसमोरचा नको.

रविवारी इनामदार मॅडम आल्या. त्यांनी बाटली उजेडात धरली, दोन थेंब मनगटावर चोळले, वास घेतला. "एकवीस दिवस? छान! अगदी छान! पण तुमचे पहिले दोन घाणे गेले म्हणे? कशानं?"

"एकीचा हात बाधला व्हता," मथुरा तत्परतेनं म्हणाली. "ती आता येत न्हाई."

मॅडमच्या भुवया वर गेल्या. मी अक्कांकडे बघितलं. त्या जमिनीकडे बघत होत्या. मी थांबले. एक, दोन, तीन श्वास थांबले. त्या बोलल्या नाहीत.

"कुणाचा हात बाधला नव्हता," मी म्हणाले. आवाज मोठा निघाला, मलाच दचकायला झालं. "रसात लोखंड पडलं होतं. आमच्या घरची तेलाची पळी. दोन्ही वेळेला. चूक बाबरांच्या घरची आहे, हिरावैनीचा यात काडीचा दोष नाही. हे मला तीन आठवडे ठाऊक होतं आणि मी गप्प बसले."

अक्का उठल्या. कुणाकडे न बघता त्यांनी चपला घातल्या आणि त्या बाहेर पडल्या.

मॅडम काहीतरी बोलत होत्या. लोखंड ओळखलंत हे फार बरं झालं, पुढच्या महिन्यापासून माल पाठवा, असं काहीसं. बायका टाळ्या वाजवत होत्या. ज्या दिवसाची सगळ्यांनी वाट बघितली तो दिवस आला होता, आणि मी नुसती दाराकडे बघत होते. अक्का विहिरीकडं तर गेल्या नसतील? मॅडमना तशाच सोडून मी घराकडे पळाले. माझ्या मागं मथुरा, तिच्या मागं बाकीच्या.

घरात अक्का नव्हत्या. स्वयंपाकघरात पाट भिंतीला लावून उभा केलेला, वरच्या फळीवरची जागा रिकामी.

गल्लीच्या टोकाला त्या दिसल्या. साठ वर्षांची बाई, कमरेवर चिनी मातीची भली मोठी बरणी घेऊन, वाकून, मधे मधे थांबत चालली होती. ती बरणी आमच्या घरच्या आंब्याच्या लोणच्याची. वर्षाचं लोणचं. तिला अक्कांशिवाय कुणी हात लावायचा नाही, मीसुद्धा सहा वर्षांत लावला नव्हता.

त्या हिरावैनीच्या दारात थांबल्या. बरणी ओट्यावर ठेवली. हाक मारली, "हिरे!"

हिरावैनी नुकतीच बागेतून आली होती. केसांत पाला, हात कोपरापर्यंत मातीनं माखलेले. मागून तिची थोरली जाऊ बाहेर आली, शेजारपाजारच्या दारांत बायका आल्या. आम्ही बाकीच्या नऊजणी येऊन पोचलो होतोच.

अक्कांनी बरणीच्या तोंडाला बांधलेला फडक्याचा दादरा सोडला. झाकण काढलं.

"घाल हात," त्या म्हणाल्या.

हिरावैनीला काही समजेना. तिनं माझ्याकडं बघितलं. मग बरणीकडं, आणि तिच्या लक्षात आलं. ती न्हाणीकडे वळली. "थांबा अक्का, हात धुऊन येते. मातीचं हायत."

"धुऊ नगंस. हाय तसा घाल."

"अक्का, वरसाचं लोणचं हाय ते!" मथुरा मागून ओरडली.

"म्हणूनच आणलंय," अक्का म्हणाल्या. मथुराकडं त्यांनी वळूनही बघितलं नाही. "रस मी नासवला. लोखंड मी टाकलं. नाव हिचं घेतलं, ते बी मीच. आता हिचा हात ज्याला नासका वाटतो त्यानं बघून घ्यावं."

हिरावैनीची मुलगी दाराच्या चौकटीला टेकून उभी होती. हिरावैनीनं तिच्याकडं एकदा बघितलं, आणि मातीच्या हातानंच, कोपरापर्यंत, बरणीच्या तळाशी हात घातला. सावकाश ढवळलं. तेल वर आलं, मोहरीचा वास गल्लीभर सुटला. हात बाहेर काढला तेव्हा तिच्या बोटांत एक फोड होती.

अक्कांनी तळवा पुढं केला. हिरावैनीनं फोड त्यावर ठेवली. सगळ्या गल्लीसमोर ती अक्कांनी तोंडात टाकली, चावली, गिळली.

"चुकले गं बाई मी," त्या म्हणाल्या.

ते लोणचं आम्ही पुढच्या आषाढापर्यंत खाल्लं. तळाची शेवटची फोड मथुरा वाटी घेऊन मागायला आली होती.